धोबी इच ते टब क्लीन : बुरशी नेमकी कुणाची?

इंग्रजी शब्दकोश उघडलात तर 'धोबी इच' हा शब्द त्यात अजून सापडेल. धोब्याची खाज. जांघेत होणारा नायटा हा बुरशीचा आजार, आणि त्याला हे नाव दिलं पूर्वेकडच्या वसाहतींत राहणाऱ्या गोऱ्या लोकांनी. उष्ण प्रदेशातल्या रोगांवर पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८९८ साली लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकातही ते येतं. समजूत अशी, की साहेबाचे कपडे परटाकडे जातात, तिथे दहा घरच्या कपड्यांत मिसळतात आणि खाज घेऊन परत येतात.

साहेब मे महिन्यात जाड कापडाची घट्ट विजार घालून घामाने निथळत होता, ही गोष्ट नावात आली नाही. कपड्यांतून किंवा टॉवेलातून ही बुरशी अजिबात पसरत नाही असं नाही. पण परटाकडे भट्टी असायची. सोड्याच्या आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेले सुती कपडे तांब्याच्या भांड्यावर रचायचे, खाली जाळ घालायचा आणि तासन् तास वाफवायचे. मग दगडावर आपटायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. 'परीटघडी' हा शब्द आपण आज इस्त्रीसाठी वापरतो, पण त्या घडीच्या आधी वाफ, क्षार आणि ऊन असे तीन टप्पे होऊन गेलेले असत. बुरशीला यातला एकही मानवत नाही. सगळेच परीट सगळेच कपडे भट्टीला लावत नसतील, हे मान्य. तरी घामट कपड्यांत दिवस काढणाऱ्या माणसाने वाफवलेल्या कपड्यांना दोष द्यावा, यात एक गंमत आहेच.

(कपडे ओळखायला परीट त्यावर बिब्ब्याची खूण करायचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांना त्या खुणेच्या जागी पुरळ उठायला लागलं, आणि १९४३ साली त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. तिथे मात्र परटाचा संबंध खरा होता. बिबा अंगावर उततो हे आपल्याकडे कुठल्याही आजीने सांगितलं असतं.)

मला धोबी इच आठवली ती एका टेक्निशियनमुळे. आमच्या घरी फ्रंट लोड मशीन आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यातून निघणाऱ्या टॉवेलांना वास यायला लागला. वाळल्यावर कमी व्हायचा आणि आंघोळीनंतर अंग पुसताना, टॉवेल पुन्हा ओला झाला की परत यायचा. कंपनीचा माणूस आला, दाराचं रबर बोटाने मागे सारलं आणि आत साचलेला काळा, बुळबुळीत थर माझ्या आईला दाखवला. म्हणाला, "काकू, मशीनमध्ये काहीच फॉल्ट नाही. वापरताना काळजी घ्यायला पाहिजे." दार बंद ठेवता का, पावडर जास्त टाकता का, रबर पुसता का, असे प्रश्न विचारून झाले. सगळे आईला. मशीन मीही लावतो, बाबाही लावतात. मी तिथेच उभा होतो. शेवटी त्याने साडेचारशे रुपयांची पावडरची पाकिटं दिली आणि तो गेला.

त्याने सांगितलेलं चूक नव्हतं. पण तो काळा थर आमच्या घरात आला कसा, हा प्रश्न मला सोडवेना. उत्तर शोधत गेलो तर ते आमच्या ड्राय बाल्कनीच्या बरंच बाहेर निघालं.

आधी तो थर म्हणजे काय ते बघू. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण ती एकटी नसते. जिवाणू, यीस्ट आणि बुरशी असे सगळे मिळून एक चिकट पदार्थ तयार करतात आणि त्यात राहतात. याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर सकाळी जो थर लागतो तो याच जातीचा. खायला त्यांना काय लागतं? आपल्या त्वचेचे कण, घामातलं तेल, न विरघळलेली पावडर, फॅब्रिक सॉफ्टनरचा मेणचट अंश. प्यायला पाणी, आणि दोन धुण्यांच्या मध्ये निवांत, ओली, अंधारी जागा. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात नीना गुंडे-सिमेरमान आणि त्यांचे सहकारी अशाच जागांचा अभ्यास करतात. २०११ साली त्यांनी १०१ शहरांतल्या १८९ डिशवॉशरांची रबरं तपासली. ६२ टक्के रबरांवर बुरशी निघाली. २०१५ साली ७० घरगुती वॉशिंग मशीन तपासली, तेव्हा तीन-चतुर्थांशाहून जास्त यंत्रांत ती होती. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये बुरशी असेल तर तुम्ही अपवाद नाही. स्लोव्हेनियातली माणसं अस्वच्छ राहतात असं म्हणायला कुणी धजावेल असंही वाटत नाही.

आणि वास? ओल्या पोतेऱ्याचा जो ओळखीचा वास असतो, त्याच्या मागे जपानी संशोधक लागले. तिथेही पावसाळा असतो आणि तिथेही कपडे घरात दोरीवर वाळतात. २०१२ साली त्यांनी दाखवून दिलं की त्या वासाचा मुख्य करविता 'मोराक्झेला ऑस्लोएन्सिस' नावाचा जिवाणू आहे. तो धुतलेल्या कपड्यात टिकून राहतो, कपडा ओला झाला की कामाला लागतो आणि एक वासाचं आम्ल सोडतो. आमचा टॉवेल वाळल्यावर शहाणा आणि आंघोळीनंतर वेडा का व्हायचा, ते मला या निबंधात कळलं.

आता मुख्य प्रश्न. कपडे धुणं ही जगातली एवढी जुनी गोष्ट, मग धुण्याच्या भांड्यातच बुरशी वाढायला लागली कधी?

युरोपात शंभर वर्षांपूर्वी धुणं म्हणजे उकळणं. जर्मन भाषेत पांढऱ्या कपड्यांच्या धुण्याला शब्दच आहे 'कोखवेशं', म्हणजे उकळून धुवायचे कपडे. १९०७ साली हेन्केल कंपनीने 'पर्सिल' ही पावडर आणली. नाव परबोरेट आणि सिलिकेट या दोन घटकांवरून केलेलं. परबोरेटमधून गरम पाण्यात ऑक्सिजन सुटतो, त्याने डाग निघतात आणि जंतूही मरतात. मात्र त्याला चांगलं गरम पाणी लागतं, कोमट पाण्यात ते सुस्त पडून राहतं. पुढे आपोआप धुणारी यंत्रं आली. अमेरिकेत बेन्डिक्स कंपनीने १९३७ साली घरगुती स्वयंचलित मशीन आणलं, तेच मुळी समोरून दार असलेलं होतं आणि ते जमिनीला बोल्टने ठोकून बसवावं लागे. युरोपातल्या यंत्रांत पाणी ९० अंशांपर्यंत तापवायची सोय आली. यंत्रातही भट्टीच होती, फक्त विजेची. आठवड्यातून एकदा चादरी-टॉवेल उकळून निघत आणि त्यांच्याबरोबर यंत्रही. यंत्र साफ करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही येत नसणार, कारण ते काम धुण्यातच होऊन जाई.

मग उष्णता काढून घेतली गेली. त्याला कारण तेल. १९७३ च्या तेलसंकटानंतर युरोपात ऊर्जा मोजून वापरायची वेळ आली. कपडे धुताना जी वीज जळते, तिचा मोठा भाग ड्रम फिरवायला नाही, पाणी तापवायला लागतो. तापमान खाली आणलं की बिल खाली येतं, इतकं सरळ गणित. ९० वरून ६०, ६० वरून ४०. आपल्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या कपड्यांनाही उकळी सोसत नव्हतीच. युरोपीय संघाने नव्वदच्या दशकात यंत्रांवर ऊर्जेची लेबलं लावली, आणि डिसेंबर २०१३ पासून प्रत्येक घरगुती यंत्रात २० अंशांचा पर्याय असलाच पाहिजे असा नियम केला. त्याच नियमावलीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. यंत्राच्या पुस्तिकेत असं लिहिणं बंधनकारक होतं, की पाण्याचं प्रत्यक्ष तापमान जाहीर केलेल्या तापमानापेक्षा वेगळं असू शकतं. म्हणजे बटणावर ६० लिहिलंय म्हणून आत ६० असेलच असं नाही. वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यंत्र कमी तापमानात जास्त वेळ धुऊन तेवढीच स्वच्छता साधतं. कपड्यांची साधतं, हे खरं. जंतूंचं काय, हा प्रश्न त्या लेबलाला विचारलेलाच नव्हता.

पण थंड पाण्यात कपडे निघायला लागले कसे? मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे बुरशीच मदतीला आली.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे, गणवेश बघता बघता कुजत होते. सुती कापड खाणारी बुरशी नेमकी कोणती, हे शोधायला लष्कराने शास्त्रज्ञ बसवले आणि कुजलेल्या मालाचे नमुने गोळा केले. सॉलोमन बेटांमधल्या बूगनव्हिल इथून आलेल्या एका नमुन्यात अशी बुरशी मिळाली, जी सुताचा सेल्युलोज विलक्षण वेगाने तोडते. त्यासाठी ती सेल्युलेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडते. एल्विन रीस या शास्त्रज्ञाने त्यावर आयुष्य घालवलं. १९७७ साली तिला त्याच्याच नावावरून 'ट्रायकोडर्मा रीसी' म्हणायला लागले. शत्रू म्हणून पकडलेली ही बुरशी पुढे कारखान्यांत पोसली गेली. जीन्सला जो जुनाट, विटका रंग देतात, तो दगडांनी घासून देण्याऐवजी तिच्या एन्झाइमने देता येतो. तुमच्या अंगावरच्या जीन्सचा तिच्याशी संबंध असू शकतो.

धुण्याच्या पावडरीत एन्झाइम घालायची कल्पना त्याहून जुनी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योमने १९१३ साली तिचं पेटंट घेतलं होतं. ती फळाला आली साठच्या दशकानंतर. १९८७ च्या सुमारास डेन्मार्कच्या नोवो कंपनीने 'ह्युमिकोला' नावाच्या बुरशीपासून काढलेलं सेल्युलेज पावडरीसाठी आणलं. ते कापडावरचे सुटे तंतू खातं, त्यामुळे रंग उजळ दिसतो. १९८८ साली तेलकट डाग तोडणारं लायपेज आलं. त्याचा मूळ जीनही बुरशीचाच, आणि ते तयार करायला वापरली ती 'अ‍ॅस्परजिलस ओरायझी' हीसुद्धा बुरशीच. जपानी लोक सोया सॉस तिच्यावर आंबवतात. अशा एन्झाइमांमुळे ३०-४० अंशांत, आपल्या नळाच्या पाण्यातसुद्धा, डाग निघायला लागले. बुरशीकडून काम करून घेऊन आपण उकळी बंद केली, आणि उकळी बंद झाल्यावर बुरशी दाराच्या रबरात राहायला आली.

उष्णतेपाठोपाठ पाणीही गेलं. ही गोष्ट अमेरिकेतली. तिथे पिढ्यान् पिढ्या वरून कपडे टाकायचं मशीन चालायचं, एका धुण्याला दीडशे लिटरच्या आसपास पाणी घेणारं. धुणं झालं की झाकण उघडंच राहायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाणी आणि वीज वाचवणारी फ्रंट लोड यंत्रं आली, निम्म्याहून कमी पाण्यात धुणारी. समोरून दार म्हटलं की पाणी अडवायला रबर आलं, रबराला घडी आली आणि घडीत पाणी साचणं आलं. थोडं पाणी, कमी तापमान आणि घट्ट बंद होणारं दार. काही वर्षांतच हजारो ग्राहक वासाच्या तक्रारी करायला लागले आणि प्रकरण कोर्टात गेलं. व्हर्लपूल कंपनीवर ओहायो राज्यातल्या ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. सीअर्सने विकलेल्या यंत्रांबद्दलचा दुसरा दावा शिकागोच्या अपील न्यायालयात रिचर्ड पोझ्नर या प्रसिद्ध न्यायाधीशांसमोर आला. ग्राहकांचं म्हणणं त्यांनी निकालपत्रात थोडक्यात मांडलं आहे: पाणी कमी आणि जुन्या यंत्रांपेक्षा थंड, त्यामुळे यंत्र स्वतःला धुऊन काढत नाही.

हे प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेलं. बुरशीसाठी नाही. लाखो ग्राहक, त्यातल्या अनेकांच्या यंत्राला वासही आलेला नाही, अशांनी मिळून एकच दावा लावता येतो का, हा कायद्याचा प्रश्न होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यायालयाने कंपन्यांची विनंती नाकारली आणि ओहायोचा खटला क्लीव्हलंडमध्ये ज्युरीसमोर उभा राहिला. त्या ऑक्टोबरमध्ये ज्युरीने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. यंत्राच्या रचनेत दोष सिद्ध झाला नाही. २०१६ मध्ये देशभरच्या ग्राहकांसाठी वेगळी तडजोड झाली. वासाचा त्रास झाला असेल तर ५० डॉलर रोख किंवा नव्या यंत्रावर सूट, असं तिचं साधारण रूप होतं.

खटल्यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग निकालाचा नाही, त्यातून बाहेर आलेल्या कागदपत्रांचा आहे. २००४ पासून कंपनीचे इंजिनिअर या थराचा अभ्यास करत होते. ड्रमला मागून आधार देणारा जो अ‍ॅल्युमिनियमचा तीन पायांचा भाग असतो, त्याच्या खाचांत घाण साचते हे त्यांना दिसलं होतं, आणि पुढच्या यंत्रांत तो बदललाही गेला. २००७ साली कंपनीने मशीन साफ करायच्या गोळ्याही बाजारात आणल्या. म्हणजे एकीकडे रचनेतली खाच बुजवायची आणि दुसरीकडे ग्राहकाला सांगायचं, रबर पुसा, दार उघडं ठेवा, महिन्यातून एकदा गोळी टाका. यातला कुठलाच सल्ला खोटा नाही. पण कपडे धुणारं यंत्र विकत घेतलं तेव्हा यंत्र धुण्याचं काम सोबत येतंय, असं दुकानात कुणी म्हणालं नव्हतं.

हे काम कुणाच्या वाट्याला येतं, त्याबद्दल रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ सालीच लिहून ठेवलंय. 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात त्या दाखवतात की घरगुती यंत्रं आल्यावर घरातल्या बाईचं काम घटलं नाही. पूर्वी धुणं बाहेर जायचं, लाँड्रीत किंवा धुणाऱ्या बाईकडे. यंत्र आलं तसं ते घरात परत आलं. कपडे जास्त वेळा धुतले जायला लागले, आणि मदतीला असलेली माणसं मात्र गेली.

आपल्याकडे हे चित्र थोडं तिरकं आलं. शहरी मराठी घरांत धुणंभांडी करणाऱ्या बाई गेल्या नाहीत. अनेक घरांत धुणं मशीनकडे गेलं आणि भांडी त्यांच्याकडे राहिली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने वॉशिंग मशीन मध्यमवर्गाच्या दारात आणलं. (त्या जाहिरातीची चाल घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, गुणगुणून दाखवतील.) ते सेमी ऑटोमॅटिक, दोन टबांचं, पाणी बादलीने ओतलं तरी चालणारं. झाकण प्लॅस्टिकचं आणि सैल. त्यात बुरशीला फारसा थारा नव्हता, कारण वापरून झालं की ते कोरडं पडायचं. त्याच सुमारास 'आयएफबी'ने जर्मन तंत्रज्ञानावर फ्रंट लोड यंत्रं इथे बनवायला सुरुवात केली. त्यांचा कारखाना गोव्यात, वेर्ण्याला. जुलैत पापडही मऊ पडतात त्या किनाऱ्यावर घट्ट दाराचं यंत्र तयार व्हावं, हा योगायोगच.

युरोपात निदान आधी ९० अंश होते आणि मग ते कमी झाले. आपण यंत्र घेतलं तेच थंड पाण्याचं. इथल्या कित्येक टॉप लोड यंत्रांत पाणी तापवायची सोयच नसते. परटाची भट्टी सुटली आणि मधला उकळीचा टप्पा आपल्या यंत्रांनी पाहिलाच नाही. त्यात आपल्या दोन खास गोष्टी. एक, पाणी. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार ड्रमच्या मागे बसतात आणि त्या खडबडीत पापुद्र्यावर चिकट थर छान धरतो. दोन, जागा. पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये मशीन ड्राय बाल्कनीत असतं आणि ती एवढी अरुंद असते की मशीनचं दार उघडं ठेवलं तर भांडी घासायच्या सिंककडे जाता येत नाही. मग जाता-येता कुणीतरी ते लोटून देतं. दार उघडं ठेवा हा सल्ला द्यायला सोपा आहे. बिल्डरने बाल्कनी आखताना तो ऐकलेला नसतो.

आता कुणी म्हणेल, वासच तर आहे, जाऊ दे. धडधाकट माणसाला यातून सहसा काही होत नाही, हे बरोबर. पण जर्मनीतल्या एका रुग्णालयात २०१२-१३ मध्ये घडलेली गोष्ट ऐका. नवजात बाळांच्या विभागात अँटिबायोटिकांना दाद न देणारा एक जिवाणू पुन्हा पुन्हा बाळांच्या अंगावर सापडायला लागला. तेरा नवजात बाळं. सुदैवाने कुणाला गंभीर संसर्ग झाला नाही. इन्क्युबेटर तपासले, कर्मचाऱ्यांचे हात तपासले, काही मिळेना. शेवटी तो सापडला एका वॉशिंग मशीनच्या रबरावर आणि पावडरच्या कप्प्यात. बाळांची विणलेली टोपडी आणि मोजे नाजूक म्हणून मोठ्या लाँड्रीत न पाठवता, साध्या घरगुती मशीनमध्ये कमी तापमानाला धुतले जात. शेवटच्या खळबळण्याचं थंड पाणी त्या कप्प्यातून येई आणि धुतलेल्या टोपड्यांवर जिवाणू पेरून जाई. मशीन हटवलं आणि साखळी तुटली. या बॉनच्या संशोधकांचा निबंध २०१९ मध्ये आला. घरात केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल, तान्हं बाळ असेल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर त्या रबराकडे बघायला हे पुरेसं कारण आहे.

मग करायचं काय? इतिहासात जे काढून घेतलं गेलं तेच अधूनमधून परत द्यायचं: उष्णता, ऑक्सिजन आणि कोरडी हवा.

महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर किंवा त्याहून वर चालवायचं. 'टब क्लीन' असेल तर तोच, कारण त्यात तापमान खरोखर वर जातं. 'इको' लिहिलेला नको. ड्रममध्ये ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट टाकायचं. ते पर्सिलमधल्या परबोरेटचंच भावंड. तुम्ही फक्त लिक्विड डिटर्जंट वापरत असाल तर हे जास्तच गरजेचं, कारण लिक्विडमध्ये ऑक्सिजन ब्लीच टिकत नाही, म्हणून ते घातलेलंच नसतं. सर्व्हिसवाले जी डीस्केलिंगची पावडर देतात ती आम्लाची असते. ती क्षार काढते, चिकट थर नाही. जड पाण्याच्या घरात दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या दिवशी. आणि क्लोरीनच्या ब्लीचसोबत व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा दुसरं कुठलंही आम्ल कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि ड्राय बाल्कनीची खिडकी बंद असेल तर तो तुमच्या छातीत जातो. व्हिडिओत कुणी दोन्ही ओतताना दिसलं तर तो व्हिडिओ बंद करा.

पावडरचा कप्पा पूर्ण बाहेर निघतो, हे अनेकांना माहीतच नसतं. मधली कळ दाबून तो ओढायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा आणि तो बसतो ती पोकळी वरच्या बाजूनेही पुसायची. जर्मन बाळांची गोष्ट तिथूनच सुरू झाली होती. खाली कोपऱ्यातल्या झाकणामागे पंपाचा फिल्टर असतो. तो उघडताना पुढे ताट ठेवा, पाणी येतं. आमच्या फिल्टरमधून एक पाचाचं नाणं, दोन यूपिन आणि अर्धी वाटी काळा गाळ निघाला. रबराची घडी दर धुण्यानंतर कोरड्या फडक्याने पुसायची. त्यावरचे काळे ठिपके ब्लीचने गेले नाहीत तर बुरशी रबराच्या आत शिरली आहे असं समजायचं. मग घासून उपयोग नाही, रबर बदलावं लागतं. पावडर पाकिटावर लिहिल्यापेक्षा जास्त कधीच नको, सॉफ्टनर जमेल तेवढा कमी, आणि धुतलेले कपडे ड्रममध्ये रात्रभर नकोत.

टॉप लोडवाल्यांनीही खूश होऊ नये. जपानमध्ये बहुतेक घरी टॉप लोड आणि थंड पाणी असतं, आणि तिथे बाहेरच्या टबाच्या न दिसणाऱ्या बाजूला हा थर इतका जमतो की त्याचे सुटून आलेले काळे पापुद्रे कपड्यांना चिकटून येतात. त्यांना तिथे 'वाकामे' म्हणतात, सूपमध्ये घालायच्या समुद्री शेवाळाच्या नावावरून. त्यांचा उपाय म्हणजे टब ४०-५० अंशांच्या गरम पाण्याने काठोकाठ भरायचा, ऑक्सिजन ब्लीच टाकायचं, थोडं फिरवून रात्रभर तसंच सोडायचं आणि सकाळी वर तरंगणारं वाकामे जाळीने काढायचं. शार्प कंपनीने तर आतल्या ड्रमला भोकंच नाहीत असं मशीन काढलं. बाहेरच्या टबातली घाण कपड्यांपर्यंत यायला वाटच नको, असा विचार.

अमेरिकेतही अलीकडे धुणं झाल्यावर आतल्या पंख्याने ड्रम आणि रबर वाळवणारी फ्रंट लोड यंत्रं विकायला आली आहेत. दार बंद असलं तरी चालतं. आमच्या मशीनला तसा पंखा नाही, म्हणून दार अर्धवट उघडं राहावं यासाठी बाबांनी त्यात कपड्याचा एक चिमटा अडकवला आहे. सिंककडे जाणारा माणूस आता थोडा तिरका होऊन जातो.